गाळा नंबर एकची भिंत

“टेप ताणून धरा, सचिवसाहेब. झोळी नका करू त्याची,” वामनराव म्हणाले आणि मी टेपचं टोक पुन्हा सोमाजी मिस्त्रीच्या भिंतीला टेकवलं.

मे महिन्यातला रविवार. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी राजुऱ्याचं ऊन डोक्यावर येऊन बसलं होतं. आमची वसाहत म्हणजे गृहनिर्माण मंडळाचे भाड्याचे चाळीस गाळे. वीस-वीसच्या दोन रांगा, पाठीला पाठ करून, आणि मध्ये दहा फुटांची मागची गल्ली. दहा फूट म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ज्याला जेवढे पाय पसरता आले, तेवढे त्याने गल्लीत पसरले होते. कुणाची न्हाणी, कुणाची लाकडं, कुणाच्या कोंबड्या. मधली नाली काही ठिकाणी दिसायची आणि काही ठिकाणी नुसता तिचा वास यायचा. पावसाळ्यात ती खालच्या घरांत शिरे आणि मग पोरं महिनाभर तापाने फणफणत.

दहा वर्षं आम्ही मंडळाला अर्ज लिहिले आणि मंडळाने आम्हाला उत्तरं लिहिली. मग वामनराव ओव्हरसियर म्हणून आले. भला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, “अर्ज पुरे झाले. चहा पाजा, बसून बोलू.” बसलो. ठरलं असं, की नव्या नालीचे पाइप, सिमेंट आणि गवंडी मंडळाचे, खोदकाम आमचं. गल्लीही आम्हीच मोकळी करायची, मंडळ कुणाला नोटीस देणार नाही. लोकांनी महिनाभरात आपापल्या न्हाण्या आपल्या हातांनी पाडल्या. भाडेकरू आणि मालकाची माणसं एकाच घमेल्याला हात लावताना मी तोवर पाहिले नव्हते. मी वसाहतीच्या समितीचा सचिव होतो, पण तेवढ्याने कुणी मला शहाणा समजू नये. माझं अक्षर बरं होतं, एवढंच.

गाडं अडलं ते हद्दीवर. सोमाजी मिस्त्रीच्या रांगेच्या दोन्ही टोकांना मंडळाने हद्दीचे दगड रोवले होते. त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि तिथून समोर दहा फूट मोजायचे, की झाली गल्ली. एक दगड विहिरीपाशी सापडला. दुसरा, गाळा नंबर एकच्या मागचा, कैक वर्षांपासून बेपत्ता होता.

“मिस्त्रीच्या भिंतीपासून धरा ना जी,” सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं.

सोमाजी मिस्त्रीला जाऊन चार वर्षं झाली होती. समितीचा पहिला अध्यक्ष तोच. भिंत सरळ पाहायच्या त्याच्या ओळंब्यावर वसाहतीचा इतका विश्वास, की एखादा खरं बोलला तर ‘हा सोमाजीचा ओळंबा’ असं अजून म्हणत. गाळा नंबर एकच्या मागे त्याने पक्क्या विटांची खोली काढली होती. सगळ्यांची बांधकामं गेली तरी तिला कुणी बोट लावलं नव्हतं, कारण सोमाजी हद्दीबाहेर बांधेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

तर भिंतीपासून दहा फूट मोजले, आणि समोर दोरी जलालुद्दीनच्या शेडमधून गेली, चांगली तीन फूट आतून. जलालुद्दीन स्टोव्ह, कुकर, शिलाई मशीन, जे म्हणाल ते दुरुस्त करायचा. टिनाचं ते शेड म्हणजे त्याचं सगळं पोट. त्यातले तीन फूट गेले असते, तर उरलेल्यात मांडी घालून बसायलाही जागा नव्हती.

“मी तं मोजून बांधलं होतं साहेब,” तो म्हणाला. मग त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवली. “जाऊ द्या. माहीच गलती झाली असन. सोमाभाऊची भिंत झूठ नाई बोलणार. उद्या सामान हटवतो.”

बायनाबाई तिथेच होती, घराच्या कडेला धुणं धूत. सोमाजीची बायको. कन्याशाळेत चपराशी. बोलणं मोजकं, जणू तेही मिस्त्रीनेच माप घेऊन बांधून दिलेलं. रविवारी सकाळी तिच्या धुण्याचा आवाज आला नाही तर आम्हाला रविवार वाटत नसे. जलालुद्दीनचं बोलणं संपलं आणि तो आवाज थांबला. तिने पिळलेलं लुगडं बादलीत ठेवलं. मग दोन तांबे पाणी ओतून धुण्याचा दगड साबणाचा थेंबही राहणार नाही इतका स्वच्छ केला.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमचा दगड इथी हाये.”

आम्हाला काही कळलं नाही.

“पलटवून पाहा.”

मी आणि जलालुद्दीनने लोखंडी सब्बल घालून तो काळा दगड उलटवला. खालच्या चिखलाळ बाजूवर हात फिरवला, तर मंडळाचं नाव कोरलेलं. वीस वर्षं ते अक्षर जमिनीकडे तोंड करून पडलं होतं आणि वरच्या अंगावर बायनाबाई धुणं आपटत होती.

“नूतन लहान होती,” बायनाबाई सांगू लागली. “एका खोलीत अभ्यास कुठी करन पोरगी? त्याईनं खोली काढाची ठरवली तं दगड मधात आला. एका रविवारी आमी दोघानं मिळून उपटला. एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. भिंत तीन फूट भायेर गेली. मले ठावूक होतं, त्याईले ठावूक होतं. बस.”

आमचा चार नंबरचा अर्ज मला आठवला. ‘हद्दीचा दगड नाहीसा झाला असून मंडळाने त्याचा शोध घ्यावा.’ अक्षर माझं, आणि खाली पहिली सही सोमाजीची. बायनाबाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनातलं तिला कळलं असावं.

“त्या अर्जावर सही करून आले आन् दोन दिस जेवले नाई,” ती म्हणाली. “म्हणत, सांगाचं हाये. पन लोकं इतके मानत, का त्याईची हिंमतच नाई झाली. माही बी नाई झाली.”

वामनरावांनी रुमालाने मान पुसली. “पण बाई, तो मूळचा कुठे होता, ते कसं समजणार?”

ती आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेली. लहानशी, थंड खोली. गल्लीकडच्या भिंतीत एक कोनाडा, जमिनीवर बसलेल्या मुलीचा हात पोहोचेल इतक्याच उंचीवर. नूतनची पुस्तकं त्यात असत. त्याच कोनाड्यासमोर बसून ती शिकली आणि आता गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती. कोनाड्यात सध्या सोमाजीचा ओळंबा ठेवलेला होता, दोरी नीट गुंडाळून. बायनाबाईने पायाने एक फरशी दाखवली. ती उचलून हातभर खोदलं, तर खाली चुन्याचा चौकोनी पाया निघाला. दगडाची बैठक. तिच्यावरून दोरी ताणली. जलालुद्दीनचं शेड पत्र्याच्या टोकासकट सुटलं, पण या खोलीचे तीन फूट गल्लीत आले.

आनंद व्हायला हवा होता. जलालुद्दीन मात्र त्या खोलीत उभा राहून कोनाड्याकडे बघत होता.

“भाभी, माहं शेडच जाऊ द्या. मी सामोरच्या ओसरीत बसन. पोरीची खोली हाये ही.”

“पोरगी शिकली,” बायनाबाई म्हणाली. “आमच्या चुकीनं तुमच्या पोटावर पाय काऊन? घ्या सब्बल.”

“नाली जरा वळवता येईल का, साहेब?” मी विचारलं.

“वळवली की तुंबणार,” वामनराव म्हणाले. त्यांनाही ते सांगताना बरं वाटलं नसावं. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि हळूच म्हणाले, “बाई, मी फक्त दगड सापडला असं लिहितो. कुठे, कसा, हे कुणी विचारायचं कारण नाही.”

“नाई साहेब. त्याईचं नाव लिवा. त्याईले सांगाचंच होतं. आन् माहंबी लिवा, दुसऱ्या बाजूनं मी होतो.”

त्यांनी लिहिलं. तिने वाचून घेतलं आणि मान हलवली.

पहिली वीट तिनेच काढली. ओळंबा आधी पदरात घेतला, मग कोनाड्याची वीट. पुढचं काम आम्हा सहा जणांचं, आणि त्याने आमचा दम काढला. सोमाजीचा चुना सुटता सुटेना. दुपारपर्यंत अर्धी भिंतही गेली नव्हती. जलालुद्दीन घाम पुसत म्हणाला, “गलत जागी बांधली, पन काय बांधली राजा.” बायनाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तिने सगळ्यांना गुळाचा चहा केला, वामनरावांनाही. खोलीचे उरलेले चार फूट आम्ही टिना टाकून झाकले. निघालेल्या विटा वाया जाऊ दिल्या नाहीत. नालीचे सातही चेंबर त्या विटांचे झाले. त्या पावसाळ्यात पाणी कुणाच्या उंबऱ्याला शिवलं नाही, आणि तापाची पोरं दोन-तीनच, तीही आठवड्यात बरी झाली.

दगड मात्र परत आपल्या बैठकीवर गेला. वामनराव म्हणाले होते, “तिथे नवीन दगड बसवतो बाई, हा तुम्ही ठेवा धुण्याला.” ती नको म्हणाली. अक्षरं गल्लीकडे आणि गुळगुळीत झालेली बाजू तिच्या दाराकडे, असा तो रोवला. बायनाबाई सिमेंटच्या ओट्यावर धुऊ लागली. त्याचा आवाज वेगळा येतो. आमच्या घरात त्याची सवय व्हायला बरेच रविवार गेले.

ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जायचं म्हणून नूतन आली. सकाळी धुण्याची बादली घेऊन सवयीने घराच्या कडेला गेली आणि रिकाम्या जागेपाशी थांबली. मी आमच्या मागच्या दारात दात घासत होतो.

“आई, आपला दगड कुठी गेला?”

“तिकडं हाये,” बायनाबाई आतून म्हणाली. “ज्याच्या त्याच्या जाग्यावर.”

नूतन गल्लीत उतरली. दगडाच्या गुळगुळीत अंगावर तिने थोडा वेळ तळवा ठेवला. मग बादलीतलं तांब्याभर पाणी घेऊन त्यावरची धूळ धुतली, आणि उरलेलं पाणी घेऊन ओट्यावर आईची लुगडी धुवायला बसली.