माझे नाव 'वाफ-बंद'

मी एक जुने लेबल आहे, मित्रांनो, पण छापील पुस्तकात मला शोधू नका, सापडणार नाही. कारखान्यातल्या बॉयलरचे दुरुस्ती-पुस्तक संगणकावर लिहिताना लेखिकाताईंनी 'वाफ बंद करणे' या मथळ्याखाली मला टंकले आणि माझे नाव ठेवले 'वाफ-बंद'. हे प्रकरण पाहा, असे जिथे जिथे सांगायचे होते, तिथे त्यांनी आकड्याऐवजी माझे नाव लिहिले. छपाईआधी संगणक मला विचारी, "तू कितव्या प्रकरणात?" मी सांगितलेला आकडा सगळीकडे उमटे.

अकरा वर्षे हे काम केले. मध्ये नवी प्रकरणे घुसली, मी चौथ्यातून सहाव्यात गेले, पण एकदाही चुकले नाही. कौतुक कुणी केले नाही. बरोबर आकड्याचे कौतुक कोण करतो!

मग नवे संपादक आले. "हे छापलंच जात नाही, मग ठेवायचं कशाला?" म्हणत त्यांनी मला पुसले. संगणकाला मी सापडेना, लगेच पानावर उमटले: 'झाकण काढण्याआधी प्रकरण ?? पाहा.' ती प्रश्नचिन्हे म्हणजे जाता जाता मी मारलेली बोंब होती. संपादकांनी काय करावे? ताईंना न विचारता तिथे हाताने ६ टंकला आणि मोकळे झाले.

पुढच्या आवृत्तीत सुरुवातीला एक प्रकरण वाढले. 'वाफ बंद करणे' सातवे झाले आणि सहाव्यात आले 'वाफ सुरू करणे'. हाताने टंकलेला ६ मात्र ढिम्म हलला नाही.

ताईंचा धाकटा भाऊ तोच बॉयलर चालवतो. झाकण काढण्याआधी त्याने पुस्तक उघडले आणि थेट फोन लावला.

"ताई, झाकण काढायच्या आधी वाफ सुरू करू? मला भाजायचं ठरवलंयस का?"

ताईंनी तडक संगणक उघडला. त्यांनी मला पुन्हा जागेवर टंकले आणि तो ६ खोडून माझे नाव लिहिले.

"पण ती प्रश्नचिन्हं किती वाईट दिसत होती हो!" संपादक पुटपुटले.

"दिसू द्यायची होती," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. मला काढायचे तर खुशाल काढा, पण मी मारलेली बोंब दाबू नका. खोटा आकडा मी आजवर सांगितला नाही, सांगणारही नाही. भाऊ आज पुन्हा झाकणापाशी उभा आहे. नव्याने छापलेल्या पानावर लिहिले आहे, प्रकरण ७ पाहा. तो सात मी सांगितला आहे.