आठ नंबरच्या बसचं पथ्य

ड्रायव्हरसाहेबांच्या उजव्या पायाचा अंगठा तिसऱ्यांदा सुजला आणि त्यांची मतीच गुंग झाली. बरं, सूज म्हणजे साधीसुधी नव्हे. चादरीचा काठ लागला तरी हा सहाफुटी माणूस "आई गं!" म्हणून ओरडायचा. ब्रेक दाबणारा पाय तो! डेपोच्या डॉक्टरांनी या वेळी स्वच्छ सांगितलं, "आता पुन्हा एकदा दुखणं आलं की स्टिअरिंग सोडायचं आणि चौकशीच्या खिडकीत बसायचं." खिडकीत! बावीस वर्षं आठ नंबरची बस चालवलेल्या माणसाने तिथे बसून दुसऱ्यांच्या बसच्या वेळा सांगायच्या? नुसत्या विचाराने त्यांना रडू यायचं.

आणि चुकतंय कुठे, तेच कळेना. रक्तात युरिक ॲसिड वाढलंय, त्याचे बारीक खडे सांध्यात जमतात, याला गाउट म्हणतात, इथवर ठीक. गोळी चालू होती. पथ्याच्या बाईंनी कलेजी, बिअर आणि गोड थंड पेयं बंद करून साय काढलेलं दूध नि दही रोज घ्यायला सांगितलं होतं. आता लहानपणी सायीसाठी भावाशी मारामाऱ्या केलेला हा माणूस. साय काढल्यावर दुधात उरतं काय, कपाळ? तरी घेतलं बिचाऱ्याने. दोन महिने, सकाळ-संध्याकाळ, तोंड वाकडं करत का होईना.

त्यात सल्ले देणाऱ्यांना काय तोटा! मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, दूध म्हणजे प्रोटीन आणि प्रोटीन म्हणजे युरिक ॲसिड. विष पिताय तुम्ही!" डेपोतला मेकॅनिक म्हणाला, टोमॅटो सोडा. औषधवाल्याने चेरी खायला सांगितली. एक म्हणतो खा, दुसरा म्हणतो सोडा. साहेबांच्या डोक्याचं पार भजं झालं. शेवटी लंगडत लंगडत ते बायकोला घेऊन पुन्हा त्या बाईंकडे गेले.

"दुधानेच घात केला माझा," ते बसायच्या आधीच म्हणाले.

बायकोने वही पुढे केली. तिने एकेक दिवस टिपला होता. "हे बघा, दूध दोन ग्लास, दही एक वाटी, पाणी दोन लिटर. ड्यूटीवर न्यायची बाटली मी स्वतः भरते, रोज रिकामी परत येते."

बाईंनी वही दोनदा चाळली. त्याही चक्रावल्या. "दुधात काही खोट नाही. त्यातलं प्रोटीन उलट युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "दिवसातून लघवीला किती वेळा जाता हो?"

"ड्यूटीला निघताना एकदा. घरी आल्यावर एकदा."

"आणि मधले दहा तास?"

"मधे कसं जाणार? शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं मिळतात आणि संडास रस्त्यापलीकडे. आमच्यात ड्यूटीवर कुणी पाणी पीतच नाही." यात विचारण्यासारखं काय आहे, हेच साहेबांना कळत नव्हतं.

बायकोने मान हळूच वळवली. "मग माझी बाटली?"

"काच धुतो की. समोरची. धूळ किती बसते!"

"अहो! म्हणजे दोन महिने मी बसला पाणी पाजलं?"

"भरपूर पाणी प्या म्हणाल्या होत्या," साहेब खरोखरच गोंधळून म्हणाले. "ड्यूटीवर प्या, असं कुठे म्हणाल्या?"

बाईंना हसावं की ओरडावं सुचेना. "गोळी चालू ठेवा, दूध चालू ठेवा," त्या म्हणाल्या, "पण ते ॲसिड बाहेर पडायचं कशातून? पाणी नको का पोटात?"

सूज उतरली. पहिल्याच ड्यूटीला साहेबांनी अर्धी बाटली रिचवली आणि अकराव्या थांब्याला व्हायचं तेच झालं. घाम फुटला त्यांना. बस थांबवावी तर तक्रार जाणार आणि सीट हातची जाणार. दाबून धरावं, पाणी पिणं सोडावं, तर अंगठा सुजून सीट जाणार. करायचं तरी काय माणसाने? पेट्रोल पंप दिसला तशी त्यांनी बस आत घेतली, उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, दोन मिनिटं... मला जाऊन यायचंय. माफ करा."

तिसऱ्या बाकावरची एक म्हातारी दांडा धरून उठली. झालं, आता हजेरी घेणार ही, असं त्यांना वाटलं.

"सात वर्षं या बसने लेकीकडे जातेय मी," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घेत नाही, रस्त्यात अडचण नको म्हणून. आधी मला उतरव, बाबा."

तिच्या मागे आणखी पाच जण उठले. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. बावीस वर्षं पाठीमागे ही माणसं बसली होती. त्यांनी म्हातारीला हात धरून खाली उतरवलं, संडासाच्या दारापर्यंत नेलं आणि स्वतः पाय आवळून बाहेर उभे राहिले.