घड्याळबाईंचं 'आणि'

घड्याळबाई जिन्यावर दिसल्या की खालच्या वॉर्डात आधी कुजबुज व्हायची आणि मग सगळं चिडीचूप. बसलेल्या उभ्या राहायच्या, उभ्या असलेल्या हातात काहीतरी धरायच्या, आणि चहाचे कप कुठे गडप व्हायचे ते देव जाणे. बाई हसून म्हणायच्या, "चालू द्या, मी सहज आले." असं म्हणत म्हणत गळ्यातलं घड्याळ हातात घ्यायच्या. गळ्यात घड्याळ अडकवून कुणी सहज येतं का? पण हे त्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणाची छाती नसते, आणि इथे तर मांजर स्वतःच घड्याळ बांधून हिंडत होतं.

बाई रुग्णालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख होत्या. कक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. त्यात टेबल, कपाट आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर फायली ठेवलेल्या असायच्या. ती रिकामी करायची वेळ कधी आली नाही, कारण वर कुणी यायचंच नाही. दुपारी बाई दार लोटून घ्यायच्या, डबा उघडायच्या, चार घास खायच्या आणि उरलेलं तसंच घरी घेऊन जायच्या. घरीही तेच. लग्न केलं नव्हतं, भाऊ गेला होता, भाची परदेशी होती. ती फोनवर "आत्या, जेवलीस का?" म्हणून विचारायची आणि आत्या "हो गं, पोटभर" म्हणून सांगायची. खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती, पण एवढं एक जमायला लागलं होतं.

आता गंमत बघा. लोकांना धाक घालावा म्हणून बाई वर गेल्याच नव्हत्या. उलट गेल्या होत्या त्या शाबासकी देण्यासाठी. जन्म वॉर्डात काढलेला, त्यामुळे त्यांना पक्कं ठाऊक होतं की सिस्टरचं चुकलं की दहा तोंडं उघडतात आणि जमलं की एकही उघडत नाही. म्हणून त्यांनी मोठ्या साहेबांच्या मागे लागून फिरती ढाल सुरू करवली. दर महिन्याला एका वॉर्डाला ढाल, आणि तीही सगळ्या वॉर्डाला मिळून. डॉक्टरपासून फरशी पुसणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांनी एकत्र मंचावर यायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. एकट्याच्या हाताने पेशंट बरा होत नाही, असं बाईंचं म्हणणं. साहेबांना ते पटलं. फक्त त्यांनी विचारलं, "पण मोजणार कसं?"

इथेच माशी शिंकली.

बाईंनी मोजमाप बसवलं. हात धुतले का, पेशंट खाटेवरून पडला का, पडून राहून पाठीला जखमा झाल्या का. त्यातच एक होतं चार्ज द्यायला लागणारा वेळ. ड्यूटी संपली की जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी नेते आणि कुणाला ताप आहे, कुणाचं सलाईन संपत आलंय ते सांगते, त्याला म्हणतात चार्ज देणं. ते वेळेत उरकलं तर मार्क, लांबलं तर कापले.

बायकांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात मात्र चार्ज देण्याची एक जुनी रीत होती. सगळं सांगून झालं की जाणाऱ्या सिस्टरने 'आणि' म्हणायचं, आणि त्या पेशंटची एक अशी गोष्ट सांगायची जी कुठल्याच कागदावर नाही. "आणि, ह्यांना सुईची भीती नाही, सुई दाखवली की भीती वाटते." "आणि, ह्या मुलगा येणार म्हणतात, पण तो येत नाही. विचारू नका." बस, एवढंच. ही रीत पाडली होती बाईंनीच, त्या वॉर्डात इनचार्ज असताना, म्हणजे त्या घड्याळबाई व्हायच्या कितीतरी आधी. आणि मोजमाप बसवताना 'आणि'ला मार्क देता येईना म्हणून ते गाळलं, तेही बाईंनीच. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते दुसरं काय असतं? रीत आहे, ती आपली चालू राहीलच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण पहिल्या तपासणीला त्या घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या, आणि सिस्टर धडाधड सगळं सांगून पुढच्या खाटेकडे गेली. 'आणि' कुणी म्हटलंच नाही. त्या दिवशी बाईंनी वर येऊन डबा उघडलाच नाही.

ढाल द्यायच्या दिवशी सभागृह दणाणून जायचं. मावश्या नव्या साड्या नेसून यायच्या, एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. बाई ढाल हातात द्यायच्या आणि मग फोटोवाला हमखास म्हणायचा, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला होता का? टीमचा फोटो आहे." बाई बाजूला व्हायच्या. टीमचाच फोटो होता, त्याचं बिचाऱ्याचं काय चुकलं?

अशात बाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन दुर्बिणीतून जमेना, पोट उघडावं लागलं, आणि मुक्काम वाढला. साहेबांनी त्यांना स्वतंत्र खोली देऊ केली होती. बाई म्हणाल्या, "नको, मला माझ्या जुन्या वॉर्डातच ठेवा." साहेबांना वाटलं, काय साधेपणा! साधेपणा कसला? बाईंना माणसं हवी होती. ज्या वॉर्डात आपण सगळ्यांबरोबर उभ्याने चहा प्यायलो, भांडलो, रडलो, तिथे चार दिवस पुन्हा आपल्यांत धरतील, एवढीच त्यांची आशा होती. त्यांच्या वेळचं तिथे कुणी उरलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. काही निवृत्त झाल्या, काहींच्या बदल्या झाल्या. पण आशेला काय, ती कुठे विचारून येते?

ऑपरेशननंतर बाईंची बडदास्त अशी ठेवली की विचारू नका. औषध वेळच्या वेळी. सिस्टर त्यांच्यासमोर हात धुवायच्या, आणि धुतलेले हात त्यांना दिसतील असे धरायच्या. उशी सरळ, चादर ताठ. मार्क द्यायचे तर एकही कापता आला नसता. फक्त त्यांच्या खाटेपाशी कुणी टेकत नव्हतं. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांच्याशी सिस्टर गप्पा मारायच्या, त्यांची वेणी घालायच्या, आणि बाईंकडे वळल्या की, "मॅडम, काही त्रास नाही ना?" म्हणून पुढे. सगळ्यांत तरुण सिस्टरचं नाव वॉर्डाने चिमणी ठेवलं होतं, कारण तिची चिवचिव कधी थांबत नसे. तीसुद्धा बाईंच्या खाटेशी आली की तिची दातखीळ बसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार्ज द्यायची वेळ झाली. इनचार्ज सिस्टर चिमणीला घेऊन आजींच्या खाटेपाशी आली. बीपी, जखम, सलाईन सगळं सांगून झालं. मग तिने बाईंकडे एक चोरटी नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"आणि, ह्यांना ऐकू कमी येतं, पण कबूल करत नाहीत. उजव्या बाजूने बोल."

बाईंचे कान टवकारले. म्हणजे 'आणि' मेलं नव्हतं! आपल्या घड्याळाला चुकवून ते आपल्या पाठीमागे जिवंत होतं. टाके दुखत असतानाही त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच दुसरा विचार आला, आता माझी पाळी.

दोघी बाईंच्या खाटेपाशी आल्या आणि कवायतीला उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. इनचार्जने घडाघडा म्हटलं, "पित्ताशय, दुसरा दिवस. बीपी ठीक, ताप नाही, जखम कोरडी, पातळ आहार सुरू." आणि दोघी वळल्या.

"आणि?" बाई म्हणाल्या.

इनचार्जचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि काय, मॅडम? सगळं सांगितलं की."

"आजींचं सांगितलंत ना, तसं."

"चुकलं, मॅडम. पुन्हा नाही होणार. सवय आहे हो, जात नाही. या महिन्याचे मार्क तेवढे कापू नका, मुलींनी फार मेहनत केलीय."

"अगं, मार्कांचं नाही म्हणत मी," बाई म्हणाल्या. "माझं सांगा ना."

इनचार्जने चिमणीकडे पाहिलं, चिमणीने खाली फरशीकडे. दोघींनी खरंच आठवून पाहिलं असावं. शेवटी इनचार्ज अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "तुमचं आम्हाला काही माहीतच नाही हो, मॅडम."

यावर बाई काय सांगणार? आपलं 'आणि' आपणच सांगायचं नसतं, हा तर नियमच होता. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी सूप आलं, ते तसंच परत गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं, वरच्या खोलीतसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मऊ भात आला. बाई चमच्याने भाताचे डोंगर करत बसल्या होत्या. तेवढ्यात मावशी फरशी पुसत आल्या. मावशी वॉर्डात तशा नव्याच होत्या, आणि कुणाला घाबरायचं हे त्यांना अजून नीट पाठ झालेलं नव्हतं. त्यांची कंबर भरून आली होती. त्या सरळ बाईंच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. सून कपडे वाळत घालते, पण झटकत नाही. झटकले नाहीत की सुरकुत्या राहतात. सुरकुत्यांचे कपडे घालून मुलगा कामावर जातो, आणि लोक नावं कुणाला ठेवतात? सासूला!

"अहो, मग मुलालाच झटकायला लावा की," बाई म्हणाल्या.

"तो? त्याला मीच लाडावून ठेवलाय, आता कोणत्या तोंडाने सांगू?"

बाई हसल्या, टाके दुखले, तरी हसल्या. मावशी उठल्या, त्यांनी ताटली उचलली, तिच्याकडे एकदा पाहिलं, बाईंकडे एकदा पाहिलं आणि तडक इनचार्जकडे निघाल्या. ताटली रिकामी होती.

चार्ज द्यायची वेळ झाली तेव्हा बाईंनी मुद्दाम डोळे मिटून घेतले. कालची फजिती पुन्हा नको होती. पावलं आली, थांबली. इनचार्जचा आवाज आला, "बीपी ठीक, ताप नाही, जखम कोरडी, मऊ आहार सुरू, थोडं चालवायचं." बाई पुढच्या पावलांची वाट पाहत राहिल्या. पावलं हलली नाहीत.

"आणि," इनचार्ज हळूच म्हणाली, "ह्यांना एकटीला जेवण जात नाही."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर सगळं बिंग फुटलं असतं. पापण्यांच्या कडांनी पाणी आलंच, ते कुणी पाहिलं की नाही कोण जाणे.

संध्याकाळी चिमणी ट्रे न घेताच आली. "मॅडम, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चला, हात धरा माझा."

एकेक पाऊल टाकत दोघी वॉर्डाच्या मागच्या सिस्टरांच्या खोलीत गेल्या. मावशी तिथे आधीच आपला आणि चिमणीचा डबा उघडून बसल्या होत्या. मधोमध बाईंचं ताट मांडलेलं होतं. चिमणीने कपाट उघडलं, उशांच्या अभ्र्यांच्या चळतीमागे हात घातला आणि चहाचे कप बाहेर काढले. मग तिला एकदम आठवलं की आपण हे कुणासमोर करतोय, आणि ती तशीच थिजली.

"बरं झालं, सापडले एकदाचे," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, गिळता की काय!"

चिमणीला हसू फुटलं, आणि तिची चिवचिव जी सुरू झाली ती थांबेना. तिचं घर, तिचा चिडका घरमालक, पहिल्यांदा प्रेत पाहिलं तेव्हा ती कशी पळाली. बाई ऐकत होत्या आणि जेवत होत्या.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही रागावणार नाही ना आमच्या 'आणि'वर?"

"नाही गं."

"फार जुनी रीत आहे ती. फार पूर्वी इथे कुणी एक बाई होत्या म्हणे, त्यांनी सुरू केली. आम्ही कुणी पाहिलं नाही त्यांना. पण नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी सांगतात, इथे बाईंचं 'आणि' म्हणायचं, विसरायचं नाही. ढाल गेली तर जाऊ दे."

बाईंचा घास हातातच राहिला. "कुठे असतात आता त्या?"

"काय माहीत! असतील कुठेतरी नातवंडांत. एवढ्या चांगल्या बाई, त्यांना माणसांचा काय तोटा?"

सांगावं का? एक वाक्य बोललं की झालं. पण मग चिमणी ताडकन उभी राहिली असती, कप पुन्हा अभ्र्यांमागे गेले असते, मॅडम मॅडम सुरू झालं असतं. बाईंनी हातातला घास खाल्ला, सावकाश चावला.

"त्यांनाही एकटीला जेवण जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"अय्या, तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"ओळखत होते थोडी," बाई म्हणाल्या, आणि चिमणीच्या डब्यातली भाजी वाढून घ्यायला त्यांनी आपलं ताट पुढे केलं.