सहावा रुमाल

तुम्हाला कोणी भरतकाम केलेला रुमाल हातात दिला, तर तुम्ही आधी काय करता?

आमच्या भागातल्या बायका तो उलटतात. समोरच्या बाजूकडे बघतच नाहीत म्हणा ना. मागच्या बाजूला दोऱ्यांचा गुंता दिसला, गाठी दिसल्या, की ओठ मुरडतात आणि रुमाल परत देतात. मुलगी बघायला आलेल्या बायकाही हेच करतात. त्यामुळे इथली प्रत्येक मुलगी मागच्या बाजूच्या धाकानेच भरतकाम शिकते.

मी ताटाखाली घालायचा रुमाल आहे. मला मागची बाजूच नाही. एका अंगाला पांढऱ्या केसमेंटवर दिवाळीच्या पणत्या, दुसऱ्या अंगाला फिक्या पोपटी पॉपलीनवर आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, आंबे. कोणतीही बाजू वर ठेवा, सारखीच सुबक. तरीही उलटलं जाण्याची भीती माझ्याएवढी दुसऱ्या कुठल्याच रुमालाला वाटली नसेल. कारण मला पोट आहे, आणि त्या पोटात काय आहे ते मला ठाऊक होतं.

माझा जन्म उंद्रीचा. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची दुसरी दिवाळी जवळ आली होती. वच्छला नावाची सत्तावीस वर्षांची बाई तेव्हा भावाच्या घरी राहत होती. तिचा नवरा तुळशीराम विहीर खोदताना दरड अंगावर येऊन गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. माहेरी आल्यावर तिने चिखलीला सहा महिने शिवण-भरतकामाचा वर्ग केला आणि जवळची एकुलती पाटली मोडून पायाचं मशीन घेतलं.

अमडापूरच्या महिला मंडळाला वर्गासाठी एक शिक्षिका हवी होती. राहायला खोलीही मिळणार होती. मंडळाच्या अध्यक्ष अन्नपूर्णाबाई. त्यांनी वच्छलाला निरोप धाडला, "माझ्या टेबलासाठी सहा दुहेरी रुमाल करून आण. काम पाहून ठरवीन." पाडव्याला त्यांचे नागपूरचे जावई पहिल्यांदा जेवायला येणार होते. त्यांची पाटावर बसायची सवय सुटलेली, म्हणून मोतीराम सुताराकडून मुद्दाम सागाचं टेबल करून घेतलं होतं.

इकडे वच्छलाच्या भावाने, उत्तमरावाने, दुसरंच ठरवून ठेवलं होतं. संग्रामपूरकडचा एक बिजवर होता, चार लेकरांचा. दिवाळी झाली की तो पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, बोलणी करायला येणार होता. वच्छला एवढंच म्हणाली होती, "मले वर्ग भेटला तं मी जाईन. नाई भेटला तं तू म्हनशीन तसं."

म्हणजे आम्हा सहा रुमालांवर एका बाईचं पुढचं आयुष्य ठेवलेलं होतं. कापडाच्या तुकड्यावर एवढं ओझं कोणी ठेवू नये.

वच्छलाने आधी कागदावर पणत्यांचा खाका काढला. रेघेवरून सुईने भोकं पाडली. रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून फिरवली, तेव्हा माझ्या अंगावर निळे ठिपके उमटले. मग तिने मशीनचा दाबपाय काढून ठेवला, कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांवर पत्रा चढवला आणि मला लाकडी रिंगेत ताणून बसवलं. दाबपाय नसला की कापड आपोआप पुढे सरकत नाही. हातानेच फिरवावं लागतं. पाय जोरात चालतो आणि बोटं सुईच्या अगदी जवळ असतात. सुई माझ्यात हजारदा शिरली असेल. दर वेळी मला वाटे, आता हिचं बोट जाणार.

दोन्ही बाजू भरून झाल्यावर तिने त्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या. वर पोटाचं कापड घातलं, कडेने टीप मारली आणि बोटभर फट ठेवून मला आतून बाहेर ओढून काढलं. अशा रीतीने मागचे सगळे दोरे, गाठी, गुंता पोटात गेला.

पोटाला जुनंच कापड लागतं. नवं घातलं तर पहिल्या धुण्यात आखडतं आणि भरतकामाला चुण्या पडतात. पाच रुमालांना जुन्या लुगड्याचं कापड पुरलं. माझी पाळी आली तेव्हा लुगडं संपलं होतं. वच्छला उठली, ट्रंक उघडली आणि तळाशी घडी करून ठेवलेलं एक धोतर काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, लाल किनारीचं. तुळशीरामाचं.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. तिने हे एक ठेवलं होतं. कात्री लावताना तिचा हात थांबला, पण थांबून राहिला नाही.

धनत्रयोदशीला सकाळी कडूबाची बैलगाडी अमडापूरच्या बाजाराला निघाली होती. वच्छला आम्हा सहा जणांना फडक्यात बांधत होती, तेवढ्यात तिची भावजय गोजर हातात धोतराचा उरलेला तुकडा घेऊन आली.

"हे काय व? बाकीचं कुठं गेलं?"

वच्छला रुमालांच्या घड्या सारख्या करत राहिली. गोजरने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"अव माय! दिवाळीच्या ताटाखाली मेल्या मानसाचं धोतर घालते काय कोनी? थेबी जावयाच्या! बाईले समजलं तं वर्ग तं जाईनच, गावात तोंड दाखवाले जागा राह्यनार नाई आपल्याले."

"आतमंदी हाय, वयनी. दिसत नाई."

"दिसत नाई म्हने! तिच्या डोयातून मुंगी सुटत नाई."

वच्छलाने ब्लेड उचललं आणि माझ्या कडेच्या टिपेवर टेकवलं. पात्याचा गारवा मला अजून आठवतो. एक टाका तुटला. बाहेरून कडूबा ओरडला, "वच्छलाबाई, या लवकर! बैलाइले बजार म्हाईत हाय, ते तुमच्या रुमालाची वाट नाई पाह्यत!"

तिने ब्लेड ठेवलं. तुटलेला टाका हातानेच घातला.

"कोनी इचारलंच तं जुन्या लुगड्याचा काठ हाय म्हनजो," गोजर तिच्या मागे मागे येत म्हणाली. "माह्याच लुगड्याचा म्हन. आयकलं काय?"

अन्नपूर्णाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, नाकावर चष्मा. त्यांचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेती त्यांनीच सांभाळली, आणि मंडळही त्याच चालवत. त्यांच्यापुढे मोठे मोठे लोक जपून बोलत. शेजारी त्यांची लेक विमल उभी होती.

त्यांनी एकेक रुमाल उचलला आणि सवयीप्रमाणे उलटला. पुन्हा उलटला.

"विमल, याची मागची बाजू कोनती सांग बरं."

विमलने दोन्हीकडे पाहिलं. "मले तं दोनी समोरच्याच दिसून राह्यल्या."

वच्छलाच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. मी सगळ्यांत खाली होतो. देवा, पाचांवरच भागू दे, असं मी म्हणत होतो. पण बाईंनी मलाही उचललं. पणत्या पाहिल्या, आंबे पाहिले. आणि मग मला दोन्ही हातांत धरून दारातल्या उन्हासमोर उभं केलं.

ऊन माझ्या आरपार गेलं. माझ्या पोटातून एक लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटली.

"हे काय हाय व?"

लुगडं म्हण, वच्छला. गोजरचं लुगडं म्हण. मी मनात ओरडत होतो.

"धोतराचा काठ हाय, बाई."

"कोनाच्या?"

वच्छलाने मान खाली घातली. "त्याइच्या."

विमलने एकदम हात मागे घेतला. गोठ्यात म्हशीची साखळी वाजली.

"दुसरं कापड नव्हतं?"

"मांगतलं असतं तं भेटलं असतं. पन येवढं मऊ नसतं भेटलं." ती थांबली. "आन् ट्रंकेत ठेवून तरी त्याचं काय होनार होतं, बाई?"

अन्नपूर्णाबाईंनी मला खाली ठेवलं. "जाय तू. पाडव्याले काय ते कळवीन."

पाच रुमाल टेबलाच्या खणात गेले. मला एकट्याला न्हाणीजवळच्या फडताळात टाकलं. तिथे चिंध्या होत्या, फुटका कंदील होता. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे बंब पेटवायला मोलकरणीने फडताळात हात घातला आणि चाचपून माझ्या बाजूची चिंधी ओढून नेली. बंबात ती भुरकन पेटलेली मी ऐकली. पुन्हा हात आला. या वेळी बोटं माझ्या पणत्यांवरून फिरली, थांबली, आणि पलीकडचं पोतेरं घेऊन गेली. दिवसभर मी त्या बोटांची वाट पाहत होतो. लक्ष्मीपूजनाचे फटाके वाजले, तेही मला बंबासारखेच वाटले.

पाडव्याला दुपारी फडताळ उघडलं. अन्नपूर्णाबाई होत्या. त्यांनी मला झटकलं, हाताने सारखं केलं आणि जेवणघरात नेलं. टेबलाला सहा खुर्च्या होत्या. जावई, विमल, मुलगा, सून आणि जावयांचे काका अशी पाच ताटं मांडलेली. सणाला बाई पंगतीत बसत नसत. सगळ्यांचं झालं की आत चुलीपाशी ताट घेत. अकरा वर्षं तसंच चाललं होतं.

त्यांनी मला सहाव्या खुर्चीपुढे अंथरलं.

विमल हळूच म्हणाली, "आई, हा तं तो धोतराचा..."

"हाव. माह्याच ताटाखाली हाय." त्या खुर्चीवर बसल्या. "लपवता आलं असतं तिले. घर भरून खोटं बोलनारे हायेत, विमल, एक खरं बोलनारी भेटली. सूनबाई, वाढ."

सून गांगरून उभीच राहिली. काकांनी घसा खाकरला. जावयांनी मात्र आपलं श्रीखंड हळूच सासूबाईंच्या दिशेने सरकवलं आणि म्हणाले, "तुम्ही सुरुवात करा."

वरणाची वाटी उचलताना ती अन्नपूर्णाबाईंच्या हातून कलली. चार थेंब माझ्या पणत्यांवर सांडले. ज्या हाताला अख्खं गाव भ्यायचं, तो हात एका जेवणाला भीत होता. इतके दिवस मला वाटत होतं की त्या घरात भिणारा मी एकटाच. त्यांनी माझी कड घट्ट धरली. माझ्या पोटातल्या मऊ कापडाने ती पकड सोसली.

आता मी म्हातारा झालोय. आंब्यांचा हिरवा दोरा उडालाय, एका कोपऱ्याची टीप उसवलीय. त्या फटीतून लाल किनार डोकावते. वरणाचा पिवळा डाग कोणत्याही साबणाने गेला नाही. मला मागची बाजू नसली तरी आता आतली बाजू सगळ्यांना दिसते, आणि दिसली म्हणून कोणी मला बंबात घातलं नाही. तुमच्या हातात कोणाचं काम आलं तर उलटून जरूर बघा. फक्त बघताना समोर उभ्या असलेल्या बाईकडेही एकदा बघा.

त्या पाडव्यालाच बाईंनी वर्ग मिळाल्याचा निरोप उंद्रीला धाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उत्तमरावाला भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर, वच्छला मशीन कडूबाच्या गाडीत घालून अमडापूरला राहायला आली.