कडेचं प्यादं

माझ्या नवऱ्याने हातात आलेला डाव सोडला, तेव्हा मी आमागासाकीच्या लाँड्रीत कुणाच्या तरी शर्टाची कॉलर इस्त्री करत होते. ती जळली. मालकीणबाई माझ्यावर ओरडल्या आणि मी त्यांच्यावर दुप्पट ओरडले.

उकाई आमचं आडनाव. अकराव्या वर्षी हे गुरुजींकडे शोगी, म्हणजे आमचं जपानी बुद्धिबळ, शिकायला लागले, बाविसाव्या वर्षी व्यावसायिक झाले. एकदा तर किताबाच्या लढतीच्या उंबरठ्यापर्यंत पोचले. त्या वर्षी मासेवालासुद्धा वाकून नमस्कार करायचा. मग संगणकाशी खेळून तयार झालेली पोरं आली आणि हे दरवर्षी एकेक पायरी उतरत गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी गोष्ट इथवर आली की हंगामाचा शेवटचा डाव जिंकला तर टिकणार, हरला तर निवृत्ती.

आणि समोर कोण? सोनोबे. यांचा धाकटा गुरुबंधू, माझ्या हातची करी खाऊन वाढलेला. आता यांच्या कितीतरी वर गेलेला.

"बरं झालं," हे म्हणाले. "तो मला सोडणार नाही."

"यात बरं काय झालं?"

"गुरुजी म्हणायचे, ज्या डावात तुझं काही जात नाही आणि समोरच्याचं सगळं जातं, तोच जीव तोडून खेळ. सोनोबेला ते माझ्याआधी कळलं होतं."

डाव फोनवर थेट दिसत होता. मला शोगीतलं फारसं कळत नाही, पण पटाच्या वर संगणक कोण किती टक्के जिंकतोय ते दाखवतो, तेवढं कळतं. दुपारी चहाच्या सुमाराला यांच्या बाजूला सत्तर दिसत होतं. सोनोबे पटाकडे बघत बसला, बसला, आणि पार कडेचं एक प्यादं त्याने पुढे सरकवलं. आकडा एकदम शहाण्णव! मी इस्त्री हातात धरून नाचले.

यांनी मात्र चाल केली नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या प्याद्याकडे बघत राहिले. मग अंगातल्या हाओरीच्या, त्या सैल अंगरख्याच्या, बाह्या सारख्या केल्या, पटापुढे वाकले आणि म्हणाले, "हरलो."

समालोचकाने "काय म्हणाले?" असं विचारलं. त्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी खुद्द सोनोबेने सांगितलं. सकाळीच आला आणि दारातल्या लादीवर गुडघे टेकून बसला. हे फिरायला गेले होते.

"वहिनी, मी..."

"उठा भाऊजी. माझ्या दारात नाटक नको. काय झालं ते सरळ सांगा."

कॅमेरे बंद झाल्यावर यांनी त्याला विचारलं होतं, "कडेचं प्यादं? तू?"

"चुकलो, दादा."

"नऊ वर्षांचा असतानाही तू ही चूक केली नसतीस. खोटं बोलू नकोस."

"दादा, मला तुमच्या घराचा, वहिनींचा विचार..."

"पट परत लाव. खरी चाल कोणती होती? कर ती."

सोनोबेने हत्ती यांच्या राजाच्या घरात घातला. त्याच्या मते त्या हत्तीने हे संपले असते. यांनी क्षणाचाही वेळ न लावता आपला घोडा फुकट दिला आणि राजा तिरका बाहेर काढला. सोनोबे बघत राहिला. पुढे वाट नव्हती. त्याची खरी चाल खेळूनही तोच हरणार होता.

"तुला वाटलं, म्हाताऱ्याला हे दिसणार नाही," हे म्हणाले. "कीव केलीस ते केलीस, पण ती करण्याआधी डाव तरी नीट बघायचास! मी जिंकतच होतो रे, गाढवा. माझ्या हाताने जिंकत होतो. तू त्यात तुझं दान मिसळलंस. आता तो विजय मी कुठे घालू?"

हे सांगताना सोनोबे रडत होता. मला दया आली नाही.

"यंत्र सत्तर दाखवत होतं," मी म्हटलं. "आणि तू? तू त्यांना आधीच मेलेलं धरलंस? मी हात पसरला होता का तुझ्यापुढे?"

"नाही, वहिनी."

"मग माझं नाव कशाला घेतलंस? चालता हो."

हे घरी आले तेव्हा माझी दुसरी फेरी सुरू झाली. "आणि तुम्ही! शहाण्णव टक्के होते, शहाण्णव! एक चाल करायची होती. आता काय, ताटात तुमचा मान वाढू?"

"वाढ."

"निदान पत्रकारांना खरं सांगा. लोक म्हणतायत, उकाईचं डोकं फिरलं."

"म्हणू देत. सोनोबेचं आयुष्य पडलंय अजून."

मी हातातली मुळ्याची वाटी भिंतीवर फेकली. त्यांनी तुकडे वेचले आणि भिंत पुसली. त्या रात्री आम्ही बोललो नाही, आणि नंतरही बरेच दिवस नाही.

निवृत्ती झाली. हे आता नगर सभागृहात म्हाताऱ्यांना शोगी शिकवतात. कुणालाही सूट देत नाहीत. एक आजोबा चिडून म्हणाले, "मास्तर, कधीतरी जिंकू द्या की!" हे इतके भडकले की आजोबा पुन्हा आलेच नाहीत.

पुढच्या वसंतात सोनोबे त्या सभागृहात आला आणि रिकाम्या पटापुढे बसला. "दादा, एक डाव."

"खरा?"

"खरा."

सोनोबेने यांना अक्षरशः चिरडलं. म्हातारे भोवती उभे राहून बघत होते. हे वाकून "हरलो" म्हणाले आणि त्याला सोबत घेऊनच घरी आले. दारातून ओरडले, "अगं, आणखी एक ताट घे!" कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकला.

मी ताट घेतलं. सोनोबेला भात वाढला, वर करी वाढली. तो म्हणाला, "वहिनी, करी तीच आहे."

मी त्याला आणखी एक पळी वाढली. माझा राग अजून गेला नव्हता. दोघांवरचाही.