व्हर्नाचे सात तास

माझ्या बायकोला चार्जरमधलं काय कळतं, असं मी ज्या दिवशी भर दुकानात बोललो, त्या दिवशी कुणीतरी माझी जीभ धरायला हवी होती. मी हॉइट प्रुएट. चौतीस वर्षं मी काउंटीच्या स्कूलबसची दुरुस्ती केली. थंडीत पहाटे अठ्ठावीस बस सुरू करून दाखवा आणि मग मला बॅटरी शिकवा. माझा तोरा हा असा होता.

माझी बायको व्हर्ना ली. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे ताटं वाढली तिने. निवृत्त झाली त्या आठवड्यात तिने एक अठरा फुटी बोट घेतली. जुनीच, पण हिरवीगार आणि उन्हात चमचम करणारी. घरी आणली आणि म्हणाली, "हॉइट, या बोटीत पुढे मी उभी राहणार."

आमच्या ब्लॅक ओक तलावावर हे काही साधं वाक्य नाही. बास मासे पकडायच्या बोटीत जो पुढे उभा असतो, त्याच्या पायाखाली विजेच्या छोट्या मोटरचं पेडल असतं. बोट कुठे न्यायची, किती हळू न्यायची, वाऱ्यात कशी धरून ठेवायची, सगळं त्याच्या हातात, म्हणजे पायात. पहिला गळ तो टाकणार. मागच्याने उरल्यासुरल्या पाण्यात टाकायचा. एकेचाळीस वर्षं व्हर्ना माझ्या मागे बसली होती आणि एकदाही कुरकुरली नव्हती. त्यामुळे मला आपलं वाटत होतं की तिला मागेच आवडतं. पुरुषाला काय, सोयीचं तेच खरं वाटतं.

झालं, मी मागे गेलो. चर्चच्या आवारात डब स्क्रॉगिन्सने सगळ्यांसमोर विचारलं, "काय हॉइट, मागच्या सीटला उशी शिवून देऊ का?" डब माझा शाळेपासूनचा मित्र. मित्रच असलं विचारतात.

मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते गेल्या वर्षीच्या स्पर्धेत. दर एप्रिलमध्ये तलावावर नवरा-बायकोंची दोन दिवसांची स्पर्धा असते. रोज पाच मासे, जिवंत आणायचे, वजन करायचं, परत पाण्यात सोडायचे. पहिल्या दिवशी व्हर्नाने आम्हाला चौथ्या नंबरावर नेलं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला पुढची मोटर मेली. वाऱ्याने आम्हाला झुडपांपासून ढकलत ढकलत तलावाच्या मधोमध नेलं. चूक माझी होती. गॅरेजमधला माझा चाकांवरचा मोठा चार्जर मी तलावाकाठच्या मोटेलवर, जिथे आम्ही स्पर्धेच्या रात्री राहतो, तिथे नेला होता आणि रात्री उठून एकेका बॅटरीला चिमटे लावत बसलो होतो. बॅटऱ्या तीन, चार्जर एक. तिसरी अर्धीच भरली.

पण धक्क्यावर लोक काय म्हणाले? "बाई पुढे उभी राहिली की असंच व्हायचं." व्हर्नाने ते ऐकलं. आम्ही घरी आलो. मग गाडीतून उतरताना म्हणाली, "पुढच्या वर्षी मोटर अशी मेली, तर मी परत मागे बसेन. बोटही विकून टाकू."

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

या मार्चमध्ये आम्ही टेरेलच्या दुकानात गेलो, बोटीतच कायमचा बसवायचा चार्जर घ्यायला. तीन वायरींचा, म्हणजे एकेक वायर एकेका बॅटरीला. एक बॅटरी मागच्या मोठ्या इंजिनाची, दोन पुढच्या मोटरच्या. एकदा पिन भिंतीत खोचली की तिन्ही एकदम भरतात. टेरेलने तीन खोकी मांडली. दर बॅटरीला पाच अँपिअर, दहा आणि पंधरा.

मी पाचाच्या खोक्यावर हात ठेवला. "हा. बॅटरी हळू भरावी. हळू भरली की टिकते. गेल्या वर्षी डबलाही मी हाच घ्यायला लावला."

"व्हर्ना मॅडम, मी असतो तर दहाचा घेतला असता," टेरेल म्हणाला. "तुम्ही संध्याकाळी सहाला मोटेलवर पिन लावणार, पहाटे चारला काढणार. दहा तास. तासाला दहा, म्हणजे दहा दाहे शंभर. भरपूर झालं."

व्हर्नाने चष्मा लावला. खोक्यामागचं बारीक अक्षर सगळं वाचलं, तिन्हींचं. मग म्हणाली, "दिवसभरात माझ्या मोटरला एका बॅटरीतून सत्तर तरी लागतात. आणि शेवटचं भरणं हळू होतं ना रे टेरेल?"

"हो मॅडम."

"बीन्सचं तसंच. पहिल्या तासात भराभर शिजतात, शेवटी मऊ व्हायला रडवतात. मग सात तासांत सत्तर भरून वर सवड राहील असा कुठला?"

"सात कुठले?" मी म्हणालो. "सहा ते चार दहा होतात. शाळेत ताटं मोजायचीस ना तू?"

"सातच धर."

"अगं पण का?"

"धर म्हटलं ना."

तेव्हाच मी ते वाक्य बोललो. टेरेलकडे बघून, हसत. "हिला चार्जरमधलं काय कळतंय? उगाच बॅटऱ्या भाजून निघतील."

टेरेल हसला नाही. व्हर्नाने पंधराचं खोकं उचललं आणि वाचून दाखवलं, "शंभरच्या बॅटरीला वीस अँपिअरपर्यंत चालतं. हे आपल्या बॅटरीवरही लिहिलंय, हॉइट. तू गेली दोन वर्षं त्याच्यावर कॉफीचा मग ठेवतोयस." पंधराचाच घेतला. चार्जर मात्र मीच बसवला. वायरी नीट बांधल्या, जाड बोल्ट, हवा खेळायला चहूकडे जागा. तेवढं मला येतं.

स्पर्धेचा पहिला दिवस झकास गेला. अठरा पौंड, तिसरा नंबर. सहा वाजता मोटेलवर गाडी मागे घेत बोट खोलीसमोर लावली, दाराशेजारच्या सॉकेटमध्ये पिन खोचली. त्या दोन दिवसांत मोटेलचं आवार म्हणजे नुसत्या वायरींचं जाळं असतं. मालकाने दर सॉकेटवर चिठ्ठी डकवलेली असते, एक सॉकेट एक बोट. कारण दोन लावल्या की अख्ख्या रांगेतली वीज जाते आणि एसीही बंद पडतात. आणि तिथला एक नियम कुठेही न लिहिता सगळे पाळतात. दुसऱ्याची पिन काढायची नाही. ती काढणाऱ्याशी लोक पुढे दोन-दोन वर्षं बोलत नाहीत.

सात वाजता डब आला. टोपी हातात. "हॉइट, माझ्या खोलीचं सॉकेट मेलंय. मालक म्हणतो उद्या बघतो. उद्या काय कपाळ बघणार? दोन तास देतोस का तुझं?"

मी बोटीचं मागचं झाकण उघडलं. चार्जरवर तीन दिवे, एकेका बॅटरीचा एकेक. पहिला हिरवा. आता बघा, चौतीस वर्षं बसवाल्याला बॅटरी म्हणजे इंजिनाची बॅटरी. माझी नजर पहिल्या दिव्यावर गेली आणि तिथेच थांबली. "अरे, भरलीसुद्धा!" मी म्हणालो. "घे की, बिनधास्त घे."

मी माझ्याच बायकोची पिन काढून डबची लावली. मनात म्हटलं, काय दमदार चार्जर घेतलाय बाईने, तासाभरात काम फत्ते. मग उकडलेले शेंगदाणे खात टीव्हीसमोर बसलो तो डोळा लागला.

जागा झालो तेव्हा दहा वाजले होते. व्हर्ना पाठ करून झोपलेली. बाहेर जाऊन डबची पिन काढली, आमची लावली, झाकण उघडलं. पहिला दिवा हिरवा. पुढचे दोन लालभडक.

पुढच्या मोटरचे दोन. तिचे दोन.

मी तिथेच गाडीच्या पायरीवर बसलो. इंजिनाची बॅटरी दिवसभर इंजिनच भरत असतं, ती हिरवी होणारच. हे शेंबडं पोरही सांगेल. मला चौतीस वर्षांच्या शहाणपणाने सुचलं नाही. तीन तास मी फुकट घालवले होते, आणि तेही नेमके तिचे. डबने बिचाऱ्याने मग कपडे धुवायच्या खोलीतून एक लांबलचक सुतळीएवढी वायर ओढून आपलं भागवलं.

पहाटे चारला मी बाहेर धावलो, तर व्हर्नाने पिन काढून वायर गुंडाळूनही ठेवली होती. दिवे विझलेले. आता कितपत भरली हे कळायला मार्ग नाही, आणि विचारायचं तर कबूल करावं लागणार. मी उगाच बोटीचे पट्टे तपासत बसलो. भित्रा, दुसरं काय.

"बरं नाही का तुला?" तिने विचारलं.

"छे. मस्त आहे."

त्या दिवशी दक्षिणेकडून वारा सुटला, तोही नेमका गेल्या वर्षीसारखा. व्हर्नाने पाण्याखालच्या गवताची एक लांब कड पकडली आणि बोटीचं नाक वाऱ्यात धरून ठेवलं. पाय पेडलवर, गुडघे किंचित वाकलेले, डोळ्यांवर टोपी. मोटर घूंऽऽ करत होती. मी मागे बसून मासे पकडायचे सोडून तो आवाज ऐकत होतो. जरा बारीक झाला की माझा जीव खालीवर. साडेअकरा वाजले. मी घड्याळाकडे बघितलं, तिनेही बघितलं. मोटर चालू. बारा. मोटर चालूच. सँडविच मी उघडलंच नाही.

साडेबाराला बाजूने एक बोट आडवी वाहत आली. डब होता, हातात वल्हं, घामाघूम. पुढची मोटर पाण्याबाहेर. "हॉइट!" तो ओरडला. "हळू भरली की बॅटरी टिकते, नाही का रे? ये इकडे, तुला टिकवतो!" त्याची बायको मेडेल मागे बसून पोट धरून हसत होती.

व्हर्ना वळलीदेखील नाही. पावणेदोनला तिच्या गळाची दोरी बाजूला सरकली. तिने झटका दिला. "जाळं!" मी जाळं घेऊन धावलो, ठेचकाळलो, आडवा पडता पडता वाचलो, आणि सव्वासहा पौंडाची ती धिप्पाड मादी आत घेतली. माझी धांदल उडाली होती. व्हर्नाची नाही. पाय तसाच पेडलवर. बोट गवताच्या कडेवरून वितभरसुद्धा हलली नव्हती, आणि वारा तर असा की माझी टोपी केव्हाच पाण्यात गेली होती.

मी तिच्याकडे बघत राहिलो. एकेचाळीस वर्षं ही बाई माझ्या पाठीमागे बसली होती. मला कधी दिसलीच नव्हती की! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी नाक शिंकरायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

तीन वाजता वजन झालं. दुसरा नंबर, पहिल्यापेक्षा फक्त अकरा औंसांनी कमी. धक्क्यावर माइकवाल्याने सवयीने माइक माझ्यासमोर धरला. "हॉइट, एवढ्या वाऱ्यात बोट कशी धरलीत?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "मी मागे होतो. बोट हिची, पाय हिचा, चार्जरही हिने निवडलेला. मी फक्त जाळं धरलं, तेही धड नाही." लोक हसले, मग टाळ्या वाजायला लागल्या. गेल्या वर्षी बोलणारे तिथेच उभे होते. एकेकाचा चेहरा मी नीट बघून घेतला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

बोट गाडीला जोडताना मात्र मला राहवेना. "व्हर्ना, एक सांगायचंय. काल सात ते दहा मी तुझी पिन काढून डबला दिली होती. मी पहिलाच दिवा बघितला. तुझ्या बॅटऱ्या लाल होत्या गं."

"माहितीये," ती पट्टा आवळत म्हणाली. "खिडकीतून बघितलं. पहाटे पिन काढली तेव्हा तिन्ही हिरवे होते."

"मग मला सांगितलं का नाहीस? दिवसभर माझा जीव टांगणीला!"

"ते दिसत होतं. मजा येत होती."

"आणि काल अडवलं का नाहीस?"

"कशाला अडवू? एकेचाळीस वर्षांत कुणी तुझ्याकडे काही मागितलं आणि तू नाही म्हणालास, असं एकदा तरी झालंय का?" तिने चावी माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकली आणि गाडी चालवायला बसली. "दुकानात मी दहाचे सात उगाच धरले होते का, हॉइट? ते तीन तास तुझे होते."