कडेचा टवका

चष्म्याच्या काचा घासण्याच्या त्या खोलीत सर्वांत सराईत हात वहिनींचा होता, आणि कडेचे सर्वांत जास्त टवके त्यांच्याच काचांचे उडत.

घासायचे चाक बदलून झाले. काचांचा माल बदलून झाला. "आता वयच झालं म्हणायचं," मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. मालकीणबाईंचा निरोप आला: उद्या स्वतः बघायला येते, माझ्यासमोर टवका उडाला, तर वहिनींनी चाक सोडून खोकी भरायला बसावे. चाकावरची ती जागा पूर्वी वहिनींच्या सासूबाईंची होती. कड कशी धरायची, हे त्यांनीच सुनेला शिकवले होते.

वहिनींनी आदळआपट केली नाही. मुकादम जेवायला गेला, तशा त्या टाकाऊ काचा घेऊन बसल्या आणि सुट्टी संपेपर्यंत घासत राहिल्या. एकीचाही टवका उडाला नाही. मुकादम परतला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

"काय महाराणी, हात चालतोय की नशिबाच्या भरवशावर सोडलाय?"

वहिनींचा अंगठा काकणभर जास्त दाबला गेला, आणि टवका उडाला. समोरचा पॉलिशवाला खी खी हसला. वहिनी मात्र काचेकडे नव्हे, अंगठ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई येताच त्या चाकावरून उठल्या.

"मुकादम, तुमचा हात नामी. जरा बसून दाखवा ना."

तो ऐटीत बसला. वहिनी त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

"काय महाराज, हात चालतोय की नशिबाच्या भरवशावर सोडलाय?"

टवका उडाला.

"योगायोग!" मुकादम लालबुंद झाला.

"असेलही. एकदा घडलं म्हणजे सिद्ध होत नाही. बसा पुन्हा."

तो बसला नाही. या वेळी पॉलिशवालाही हसला नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "बाई, काल सुट्टीत वहिनींनी घासलेल्या काचा मी बघितल्यात. एकीलाही खोट नाही. मुकादमांनी मागे येऊन असंच टोचलं, तेव्हाच टवका उडाला."

वहिनी ताठ मानेने चाकावर बसल्या. मागे कोणी नव्हते. काच नितळ, अखंड उतरली. मालकीणबाईंनी तिच्या कडेवरून बोट फिरवले.

"मुकादम, यापुढे जे बोलायचं ते समोर येऊन, आणि माणसासारखं."

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "काय गं, खोट कशात निघाली? चाकात?"

"नाही."

"काचेत?"

"नाही. माझ्या हातातही नाही," वहिनी म्हणाल्या. "मुकादमाच्या तोंडात."